हेडमास्तर बदलून शाळा सुधारत नाही

आज एका अशा खेळाबद्दल लिहितोय जो आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही आणि पाहतही नाही. रग्बी लीग. खेळ परका आहे, पण त्यातला राग आपल्या ओळखीचा आहे, म्हणून लिहितोय.

मुलगा पश्चिम सिडनीत राहतो. त्याच्याकडे गेलो की नातू मला हाताला धरून टीव्हीसमोर बसवतो. त्याचा संघ वेस्ट्स टायगर्स. नातवाचं वय तेरा, आणि हा संघ बाद फेरीत (तिकडे तिला 'फायनल्स' म्हणतात) शेवटचा खेळला २०११ साली. करा हिशोब! २०२५ चा हंगाम संपला तरी पोराने जन्मात कधी आपल्या संघाला बाद फेरीत पाहिलेलं नाही. उलट २०२२, २०२३ आणि २०२४, अशी सलग तीन वर्षं संघ तळाला. तळाला येणाऱ्याला 'लाकडी चमचा' मिळाला असं म्हणतात. चमचा नावापुरताच, लाज मात्र खरी.

खेळ थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे तेरा-तेरा गडी. चेंडू हातात घेऊन पळायचं, पास द्यायचा तर मागेच, आणि समोरच्यांनी कबड्डीसारखी पकड करून तुम्हाला पाडायचं. सहा पकडी होईपर्यंत पाळी तुमची, मग चेंडू त्यांना. म्हणून पाच पकडी झाल्या की बहुतेक वेळा चेंडूला लाथ मारून तो पुढे ढकलतात. समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की चार गुण.

हा मूळचा कामगारांचा खेळ. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला तो जुन्या रग्बीतून फुटून निघाला, तो मजुरीच्या भांडणावरून. सामन्यासाठी कामावर खाडा पडला तर खेळाडूला त्याची भरपाई द्यायची की नाही, हा वाद. सिडनीत तो १९०८ साली आला. बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स हे दोन क्लब त्या पहिल्या हंगामापासूनचे. १९९९ साली त्यांची मोट बांधून टायगर्स झाले आणि २००० पासून ते एकत्र खेळू लागले. बाल्मेन ही गोदी कामगारांची वस्ती. आपल्या लालबाग-परळच्या गिरणगावात कबड्डीच्या मंडळांवर लोकांचा जसा जीव, तसा तिकडे या क्लबांवर. संघ हरला की घरात माणूस आजारी असल्यासारखं वातावरण असतं. मी पाहिलंय.

आता रागाकडे येतो.

पहिला राग खेळण्याच्या पद्धतीवर. मी काही जाणकार नाही, पण चार-पाच सामने पाहिल्यावर मलासुद्धा कळायला लागलं. वाईट दिवशी हा संघ काय करतो? एक गडी चेंडू घेतो आणि एकटाच समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. पडतो. मग दुसरा तेच करतो, मग तिसरा. पाचव्या पकडीनंतर लाथ, आणि तीही नेमकी समोरच्या शेवटच्या गड्याच्या हातात. जणू आंदण! बाजूला मोकळं मैदान पडलेलं असतं, तिकडे चेंडू जातच नाही. नातू उशीत तोंड खुपसून ओरडतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आमच्या गल्लीतल्या पोरांनाही कळतं हे."

बरं, खेळताच येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये, सलग सात सामने हरल्यावर, याच संघाने बाथर्स्टला पेनरिथला १२-८ असं हरवलं. पेनरिथ म्हणजे तेव्हाचे विजेते! मे महिन्यात लाइकार्ट ओव्हलच्या मैदानावर टायगर्सनी नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजचा ६६-१८ असा फडशा पाडला. आणि सहा आठवड्यांनी त्याच काउबॉइजकडून टाउन्सव्हिलला किती गुणांनी हरले? ७४-०. हो, शून्य. आदल्या वर्षी सिडनी रूस्टर्सकडून ७२-६ असा मार खाल्ला होताच. ज्या वर्गातला मुलगा एका चाचणीत पहिला येतो आणि पुढच्या चाचणीत कोरा पेपर देतो, त्या मुलाला 'ढ' म्हणून मोकळं होता येत नाही. घरात काहीतरी बिघडलंय, हे मास्तराला कळायला हवं.

इथे सगळे चाहते एकच उपाय सांगतात. कोच बदला!

माझं भांडण इथूनच सुरू होतं. कारण कोच बदलण्यात या क्लबने कधीच कुचराई केलेली नाही. २००५ साली अजिंक्यपद मिळवून देणारे टिम शीन्स २०१२ नंतर गेले. मग मिक पॉटर दोन हंगाम. मग जेसन टेलर, त्यांना २०१७ च्या हंगामात तीन सामने झाल्यावर घरी पाठवलं. मग आयव्हन क्लिअरी, मग मायकल मग्वायर, त्यांना २०२२ च्या जूनमध्ये काढलं. उरलेल्या हंगामापुरते ब्रेट किमॉर्ली. २०२३ साली पुन्हा टिम शीन्स. २०२४ पासून बेन्जी मार्शल. यातून निघालं काय? २०१६ साली टेलरच्या हाताखाली संघ नववा आला. २०१८ साली क्लिअरीच्या हाताखाली नववा. २०१९ साली मग्वायरच्या हाताखालीही नववा! बाद फेरीत जातात पहिले आठ. म्हणजे पस्तीसला पास, आणि आमचा विद्यार्थी तीन वेगवेगळ्या मास्तरांकडे तीनदा चौतीसवर अडकला. तरी दोष मास्तरचाच?

आणि गेलेल्या मास्तरांचं पुढे काय झालं, तेही ऐका. क्लिअरी टायगर्सच्या खेळाडूंना सांगत असत, बस सुटते आहे, यायचं तर बसा. २०१८ संपल्यावर ड्रायव्हरच उतरून पेनरिथला गेला, आणि त्याच क्लिअरीने पेनरिथला २०२१, २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ चार अजिंक्यपदं मिळवून दिली. ज्या मग्वायरना नालायक ठरवून काढलं, त्यांनी २०२५ साली ब्रिस्बेन ब्रॉन्कोजला अजिंक्यपद मिळवून दिलं. एकजण स्वतः गेला, दुसऱ्याला घालवलं, पण दोघांची विद्या टायगर्सचं दार ओलांडल्यावरच फळली. मग दाराच्या आत काय आहे, हे नको का बघायला?

यावर मुलाने मला अडवलं. म्हणाला, "बाबा, पेनरिथ आणि ब्रिस्बेनकडे खेळाडूच चांगले होते. तिथे कोणीही जिंकलं असतं."

कोणीही जिंकलं असतं, हे मला पटत नाही. पण खेळाडू चांगले होते, हे शंभर टक्के मान्य. मग प्रश्न असा की ते खेळाडू जमवतं कोण? टिकवतं कोण? टायगर्सकडे चांगली पोरं आलीच नाहीत, असं तर नाही. जेम्स टेडेस्को, मिचेल मोझेस, एरन वूड्स, ल्यूक ब्रुक्स, हे चौघे एकाच वेळी या क्लबात होते. २०१७ च्या एका वर्षात त्यातले तिघे गेले. टेडेस्को रूस्टर्सकडे गेला आणि २०१८, २०१९ अशी दोन अजिंक्यपदं घेऊन बसला. मोझेस पॅरामॅटाकडून २०२२ ची अंतिम लढत खेळला. मागे राहिला तो ब्रुक्स. त्याने २०१३ ते २०२३ दोनशेहून जास्त सामने टायगर्ससाठी खेळले, आणि बाद फेरीचा एकही नाही. या अकरा वर्षांत त्याच्या डोक्यावर किमान सहा कोच आले. ब्रुक्स म्हणजे संघाचा सारथी, डाव रचणारा गडी. प्रत्येक कोचची भाषा वेगळी, खुणा वेगळ्या, चढाईचा आराखडा वेगळा. पोराने शिकायचं तरी काय आणि किती वेळा? लोकांनी मात्र अकरा वर्षं शिव्या त्यालाच घातल्या. शेवटी तो मॅनलीला गेला, आणि तिथे पहिल्याच वर्षी त्याचा संघ बाद फेरीत होता.

म्हणजे मैदानावर जी दिशाहीनता दिसते ना, एकट्याने जाऊन भिंतीवर आदळण्याची, ती वरून आलेली आहे. दर दोन वर्षांनी आराखडा फाडायचा, म्हटल्यावर गडी काय करणार? आपल्याला जेवढं येतं तेवढंच करणार. चेंडू घ्या आणि आदळा!

माझ्या नोकरीत मी एका शाळेत सहा वर्षांत चार हेडमास्तर पाहिले. प्रत्येकाने आल्या आल्या वेळापत्रक बदललं, प्रार्थना बदलली, एकाने तर घंटेची जागासुद्धा बदलली. दहावीचा निकाल होता तिथेच. कारण गणिताची जागा तीन वर्षं रिकामी होती आणि ती भरायची कुणाच्या भाच्याने, हे संस्थाचालकांमध्ये ठरत नव्हतं. पालक दर जूनमध्ये हेडमास्तरांच्या खोलीसमोर गर्दी करायचे. संस्थेच्या कचेरीसमोर एकही पालक कधी उभा राहिला नाही. संस्थाचालकांना हेच हवं होतं. नवा हेडमास्तर आणला की वर्षभराची शांतता विकत मिळायची.

टायगर्सचंही हेच. एकदा मात्र वरपर्यंत हात पोचला. २०२३ च्या अखेरीस क्लबच्या कारभाराची बाहेरच्यांकडून तपासणी झाली, आणि अध्यक्ष, जुनं संचालक मंडळ, मुख्य अधिकारी, सगळ्यांना जावं लागलं. शेन रिचर्डसन हे नवे मुख्य अधिकारी आले. २०२४ चा चमचा टळला नाही, कारण बिघडलेलं घर एका वर्षात सावरत नाही. पण २०२५ साली पेनरिथहून जॅरोम लुआई आला, संघाने नऊ सामने जिंकले आणि तळ सोडला. त्याच वर्षी लॅकलन गॅल्विनसारखा तरुण, गुणी खेळाडू हंगाम अर्धा टाकून बुलडॉग्जकडे गेला, हेही खरं. आणि वर्ष संपता संपता, डिसेंबरात, वरच्या मजल्यावर पुन्हा भांडणं आणि रिचर्डसन बाहेर! घडी बसायला लागली की विस्कटायची, हा जणू क्लबचा रिवाजच.

दुसरी खोड जुन्या फोटोची. २००५ च्या अंतिम सामन्यात वीस वर्षांच्या बेन्जी मार्शलने पाठीमागून दिलेला तो पास आणि पॅट रिचर्ड्सने टेकवलेला तो ट्राय. नातू तेव्हा जन्मलाही नव्हता, पण त्याला पाठ आहे! त्या संघाचे कोच शीन्स, त्यांना २०२३ साली, वयाच्या बहात्तरीत, परत आणलं. त्या संघाचा नायक बेन्जी, तो आज कोच. बेन्जीबद्दल मला आकस नाही, पोरगा मेहनती दिसतो. पण जुन्या फोटोतली माणसं गोळा करून जुना दिवस परत येत नाही. मी सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, हे मी सांगतो, तर ऐका.

म्हणून टायगर्सच्या चाहत्यांना माझं म्हणणं असं. तुमचा राग शंभर नंबरी आहे, पण पत्ता चुकला आहे. कोचने चुकीचा डाव टाकला तर जरूर ओरडा. पण त्याला काढा म्हणण्याआधी वरच्यांना विचारा की हा खेळाडू कोणी घेतला, कशासाठी घेतला, आणि चांगला होता तो का गेला? या क्लबात कोच बदलतात, खेळाडू बदलतात, न बदलणारे फक्त तुम्ही आहात. दारावरचं तिकीट तुमच्या पैशाचं असतं. तुम्ही नाही विचारणार तर कोण?

मागच्या खेपेला निघायच्या आदल्या रात्री नातू हळूच म्हणाला, "आजोबा, वर्गातली सगळी मुलं पेनरिथची आहेत. मीपण पेनरिथचा होऊ का?"

काय सांगणार? एवढी वर्षं वर्गात उभा राहिलो, पण याचं उत्तर पटकन सुचलं नाही. म्हटलं, "बाळा, तुझं तू ठरव." सकाळी विमानतळावर पोहोचवायला आला तेव्हा अंगात टायगर्सचाच नारिंगी-काळा शर्ट होता. हे पोर अजून थांबलंय. वर बसलेल्यांनी निदान त्याची तरी लाज राखावी.