पितृऋण आणि पितृकर्तव्य

जून महिना उजाडला की घरोघरी एकच धांदल उडते. नवी दप्तरे, वह्यांची कव्हरे, गणवेश, रिक्षावाल्याशी बोलणी आणि शिकवणी वर्गाचे हप्ते. या धांदलीत वडिलांच्या वाट्याला बहुधा एकच काम येते, ते म्हणजे पैसे भरण्याचे. ‘मुलांना काही कमी पडू दिले नाही’ असे आजचा मध्यमवर्गीय पिता समाधानाने सांगतो. त्यात खोटे काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, फीच्या पावतीपलीकडे मुलाच्या शिक्षणात वडिलांचे म्हणून काही उरले आहे काय?

आपल्या परंपरेने मातेला आद्य गुरूचे स्थान दिले आणि ते यथार्थ आहे. पण त्याच परंपरेने पित्याला केवळ पोशिंदा मानलेले नाही. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बारा वर्षे गुरुगृही राहून, विद्येचा ताठा घेऊन घरी परतला. मुलगा शिकून आला म्हणून उद्दालक आरुणी निश्चिंत झाले नाहीत. वडाचे फळ फोडायला लावून, पाण्यात मीठ विरघळवायला लावून त्यांनी स्वतः त्याला पुढचा पाठ दिला. गुरुकुलाचे शिक्षण जेथे संपले, तेथे पित्याचे सुरू झाले.

ही उपनिषदकाळातील गोष्ट म्हणून कोणी बाजूला सारील. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, मुंबईतील परळच्या चाळीचे उदाहरण पाहू. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. कबीरपंथी, निर्व्यसनी आणि शिस्तीचे. भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. 1896 साली पत्नी भीमाबाई निवर्तल्या. पुढे मुंबईत बिऱ्हाड केले ते एका खोलीत. त्या खोलीतच चूल, त्यातच जाते आणि त्यातच मुलाचा अभ्यास. दिवसा गलबला असे, म्हणून भीमरावांनी लवकर झोपावे आणि रात्री दोनच्या सुमारास उठून अभ्यासाला बसावे, असा क्रम ठरला. त्यांना उठवण्यासाठी रामजी तोवर जागे राहत. इंग्रजीसाठी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांचा सराव ते स्वतः करून घेत. मुलाने पुस्तक मागितले आणि खिशात पैसे नसले, तर लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन उसने घेत. तिच्याकडेही नसले, तर तिचा दागिना गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून देत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे या जागरणाचे बळ होते.

रामजींनी मुलांना पैशापेक्षा आपला वेळ आणि आपली झोप दिली. शिक्षण ही स्वाभिमानाने जगण्याची वाट आहे, हे वडिलांच्या वागण्यातून मुलाला रोज दिसत होते.

या कथेचा आणखी एक पैलू आहे आणि तो आपण सर्वांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. ते कशासाठी, असा प्रश्न भीमरावांनी त्यांना विचारला. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही सामान्य स्थितीतून मोठी झालेली माणसे आहेत. त्यांच्या कथांनी मनातील न्यूनगंड जातो, असे रामजींचे उत्तर होते. त्यात तथ्य असल्याचे मुलाला जाणवले, पण समाधान झाले नाही आणि त्याने ते वडिलांना स्पष्ट सांगितलेही. बाबासाहेबांनी 1956 साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत हा प्रसंग नमूद केला आहे. पुढे त्यांचा मार्ग वडिलांच्या मार्गाहून वेगळा झाला. तरीही पित्याचे ऋण ते विसरले नाहीत. 1923 साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्यांनी माता-पित्यांच्या स्मृतीला अर्पण केला. मुलगा आपली प्रतिकृती व्हावा, हा संस्काराचा हेतू नव्हे. प्रश्न विचारण्याचे बळ आणि उत्तर स्वतः शोधण्याचा व्यासंग त्याला मिळाला, तर पित्याचे काम झाले.

लोकमान्यांच्या घडणीतही हेच सूत्र दिसते. त्यांचे वडील गंगाधरपंत हे हाडाचे शिक्षक. संस्कृत आणि गणित यांची गोडी बाळला शाळेआधी घरात लागली. 1872 साली पितृछत्र हरपले, तेव्हा टिळक अवघे सोळा वर्षांचे होते. परंतु गणित आणि संस्कृत यांनी त्यांची साथ अखेरपर्यंत सोडली नाही. सहवासाची वर्षे किती, यापेक्षा त्या वर्षांत काय दिले गेले, याला महत्त्व असते.

आज घरे मोठी झाली, साधने वाढली. उणीव आहे ती सहवासाची. रात्री वडील घरी येतात ते हातात मोबाइल घेऊन आणि मुलाने मात्र पडद्यापासून दूर राहावे अशी अपेक्षा करतात. जो पिता स्वतः वर्षभरात एक पुस्तक उघडत नाही, त्याच्या वाचनविषयक उपदेशाला मुलाच्या लेखी किंमत किती? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांसाठी ठेवल्या. पण शाळेतील पालकसभेकडे नजर टाकली, तर बहुतेक खुर्च्यांवर माताच बसलेल्या दिसतात.

येथे थोडे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. बैठका, प्रवास, शिबिरे यांत गढलेला कार्यकर्ता शेकडो मुलांवरील संस्काराची चिंता वाहतो. पण आपला मुलगा कितवीत आहे हे त्याला पत्नीला विचारावे लागते, हा विनोद आपल्यात हसत सांगितला जातो. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कुटुंब प्रबोधनाचा विषय मांडणाऱ्याच्या स्वतःच्या घरी संवादासाठी सायंकाळ राखलेली नसेल, तर त्या मांडणीला वजन येणार कोठून?

सर्वांनाच पितृछत्र लाभत नाही, याचेही भान ठेवले पाहिजे. 1902 च्या प्लेगमध्ये केशव हेडगेवार यांचे आई आणि वडील एकाच दिवशी गेले. तेव्हा पाठीशी नागपुरातील वडीलधारी माणसे उभी राहिली. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी कोलकात्याला पाठवण्यात डॉ. मुंजे यांनी पुढाकार घेतला. आपल्या वस्तीतही असे एखादे मूल असेल. त्याचे पितृत्व समाजाने घ्यायचे असते.

1913 साली बडोद्याहून आजारी वडिलांच्या भेटीस निघालेले भीमराव त्यांच्यासाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरत स्थानकावर उतरले आणि गाडी चुकली. 2 फेब्रुवारीला रामजींनी देह ठेवला. त्याच वर्षी पुत्र उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. ते यश पाहण्यास रामजी नव्हते. पण ज्याच्या बळावर ते मिळाले, तो पाया त्यांनी रात्री जागून रचलेला होता. आपल्या मुलासाठी आपण काय जमवून ठेवतो आहोत, याचा हिशेब प्रत्येक पित्याने या जूनमध्ये मांडावा. त्यात रकमेबरोबर दिलेले तासही लिहावेत.