पालिकेचे अनुदान : देणगी की बीजभांडवल?

महानगरपालिका म्हटले की सामान्य नागरिकाच्या डोळ्यांसमोर घरपट्टी, पाणीपट्टी, रस्त्यांवरील खड्डे आणि जन्ममृत्यूचे दाखले उभे राहतात. आपल्या वस्तीतील महिला मंडळाला, बचतगटाला, रस्त्याकडेच्या भाजीवाल्याला किंवा घरगुती मसाल्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहिणीला हीच पालिका अर्थसाहाय्य देऊ शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वस्तुतः १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. नगरसंस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची ही यादी आहे. नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय पाणी व रस्ते यांच्याच पंक्तीला तीत बसले आहेत. सारांश, वस्तीतील संस्थेला किंवा लहान व्यावसायिकाला मदत करणे ही नगरसंस्थेची मेहेरबानी नाही. ते तिच्या कामकाजाचे एक अंग आहे.

प्रश्न असा, की या मदतीकडे घेणाऱ्याने, देणाऱ्याने आणि या दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या आपल्या बँकांनी कोणत्या दृष्टीने पाहावे? प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. अनुदान हे बीजभांडवल आहे. ते पेरले तरच उगवते. वाटून संपवले तर पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहणे तेवढे उरते.

निधी आहे, पण पोहोचत नाही

महाराष्ट्रातील नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के आणि दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा, असे शासनाचे धोरण आहे. शिवणयंत्र, घरघंटी, मसाला कांडप यंत्र, प्रशिक्षणवर्ग अशा कामांसाठी हा पैसा वापरला जातो. तथापि अंदाजपत्रकातील तरतूद ३१ मार्चच्या आत खर्च व्हावी लागते. प्रस्ताव उशिरा येतात, छाननीत अडकतात, अर्जदाराकडे एखादा दाखला नसतो आणि तरतूद व्यपगत होते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही अवस्था.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. वस्तूंचे वाटप करण्याऐवजी रक्कम थेट लाभार्थीच्या खात्यात जमा करावी, या धोरणाचे स्वागतच केले पाहिजे. त्यामुळे निकृष्ट यंत्रे माथी मारण्याचे प्रकार रोखता येतात, आणि आपल्याला कोणते यंत्र हवे हे ती स्त्री स्वतः ठरवते. परंतु अनेक योजनांत आधी खरेदी, मग पावती, मग पडताळणी आणि सरतेशेवटी रक्कम असा क्रम असतो. ज्या विधवेकडे किंवा मोलकरणीकडे यंत्रासाठी पदरमोड करण्याइतके पैसे आहेत, तिला अनुदानाची निकड तुलनेने कमी. जिच्याकडे ते नाहीत, ती अर्जच करत नाही. अशा रीतीने अत्यंत गरजू व्यक्ती योजनेच्या उंबरठ्यावरूनच परत फिरते. हे अंतर दोन-तीन महिन्यांचे असते, आणि ते भरून काढण्यासाठी लागते ती एखादी लहान कर्जरक्कम. येथे बँकेला स्थान आहे.

दोन योजनांचा धडा

अनुदानाची रचना कशी असावी, याचा धडा केंद्राच्या दोन योजनांतून मिळतो. दोन्हींची अंमलबजावणी नगरसंस्थांमार्फत झाली, म्हणून त्यांची तुलना उद्बोधक ठरते. डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत स्वयंरोजगारासाठी भांडवली अनुदान होते. २००९ च्या सुधारित नियमांनुसार वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के, कमाल ५०,००० रुपये मिळत. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. तेथे भांडवली अनुदान गेले आणि व्याज अनुदान आले. कर्जाच्या व्याजातील ७ टक्क्यांवरचा भार शासनाने उचलला, आणि वेळेवर परतफेड करणाऱ्या महिला बचतगटांना आणखी ३ टक्क्यांची सवलत दिली.

वरकरणी हा हिशेबातील फेरफार वाटेल, पण त्यामागील विचार मूलगामी आहे. भांडवली अनुदानात कर्जदाराचे लक्ष एकरकमी सवलतीवर खिळते. प्रसंगी कर्ज हे अनुदान मिळवण्याचे निमित्त ठरते. व्याज अनुदानात हप्ता भरत राहिल्याशिवाय लाभ हाती पडत नाही. पहिल्या पद्धतीत बक्षीस मंजुरीला, दुसऱ्या पद्धतीत परतफेडीला. या अभियानाचा कालावधी सप्टेंबर २०२४ मध्ये संपला. त्याने शिकवलेले हे तत्त्व मात्र टिकण्याजोगे आहे.

१ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत हेच तत्त्व एक पाऊल पुढे गेलेले दिसते. टाळेबंदीने हातावर पोट असलेल्या फेरीवाल्यांचे खेळते भांडवल खाऊन टाकले होते. त्यांना विनातारण १०,००० रुपये, ते फेडल्यावर २०,००० आणि पुढे ५०,००० रुपये अशी चढती भाजणी ठरवण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि पहिल्या दोन टप्प्यांची मर्यादा अनुक्रमे १५,००० व २५,००० रुपये झाली. नियमित परतफेडीवर ७ टक्के व्याज अनुदान आहे, तर डिजिटल व्यवहारांवर रोख परतावा आहे. जुलै २०२५ अखेर ६८ लाखांहून अधिक फेरीवाल्यांना या योजनेतून कर्ज मिळाले होते. ज्याचे नाव कोणत्याही बँकेच्या कर्जवहीत कधी आले नव्हते, त्याच्या नावे पतइतिहास तयार होणे, ही या योजनेची खरी कमाई होय.

यात नगरसंस्थेचा वाटा कोणता? ओळखपत्र, विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांचे सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, असेही सांगितले. ज्या शहरात सर्वेक्षण रखडले, तेथील विक्रेता शिफारसपत्रासाठी खेटे घालत राहतो. पालिकेने आपल्या तिजोरीतून एक रुपयाही न देता केवळ एक कागद वेळेवर दिला, तरी ते मोठे साहाय्य ठरते.

लोकवाट्याचे मोल

आपला अंक अनेक राज्यांतील मराठी वाचकांच्या हाती जातो. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील ग्राहकांसाठी नियम वेगळे असतील. पण एक सूत्र सर्वत्र लागू पडते. जेथे घेणाऱ्याचाही वाटा असतो, तेथे कामाची राखण होते. तमिळनाडूत १९९७-९८ मध्ये सुरू झालेल्या ‘नमक्कु नामे’ या योजनेत, म्हणजेच ‘आपल्यासाठी आपणच’ या योजनेत, सार्वजनिक कामाच्या खर्चाचा काही भाग लोकांनी उभा करावा, अशी अट घालण्यात आली. गुजरातच्या शहरांतील जनभागीदारी योजनेत सोसायटीच्या अंतर्गत रस्त्यासारख्या कामांसाठी राज्य शासन ७० टक्के, नगरसंस्था १० टक्के आणि रहिवासी २० टक्के असे सूत्र ठरले. स्वतःच्या खिशातून पैसे घातलेला रहिवासी ठेकेदाराच्या सिमेंटवर नजर ठेवतो. फुकट मिळालेल्या कामाकडे तो पाहतही नाही.

केरळचे उदाहरण याहून खोल आहे. १९९८ साली सुरू झालेल्या ‘कुडुंबश्री’ची मुळे अलप्पुळा नगरपालिकेतील महिलांच्या संघटनकार्यात होती. शेजारगट, त्यांचे प्रभागसंघ आणि त्यांवर स्थानिक संस्थेच्या पातळीवरील समाज विकास संस्था अशी त्रिस्तरीय बांधणी तेथे झाली. बचत आधी, अंतर्गत कर्ज नंतर आणि शासनाचा निधी त्यापुढे. क्रम असा असल्याने निधी येतो तेव्हा तो पेलणारी संघटना तयार असते.

आपण बँककर्मींनी काय करावे?

येथे आत्मपरीक्षण अपरिहार्य आहे. पालिकेने शिफारस केलेले अर्ज अनेक शाखांत वर्षभर पडून राहतात आणि मार्चमध्ये उद्दिष्टपूर्तीसाठी एकदम हातावेगळे होतात. घाईने मंजूर केलेले कर्ज आणि कारण न देता परत केलेला अर्ज, दोन्ही बँकेला महागच पडतात. पहिले थकते, दुसऱ्याने ग्राहक सावकाराच्या दारी जातो.

बचतगटाचे बचत खाते उघडताना सर्व सदस्यांच्या ‘केवायसी’ची आवश्यकता नाही, पदाधिकाऱ्यांची पुरेशी आहे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, सर्व सदस्यांची पडताळणी कर्जजोडणीच्या वेळी करता येते. तरीही दहा-बारा स्त्रियांना रोजगार बुडवून एकाच दिवशी शाखेत बोलावले जाते. अशी सावधगिरी नियमापेक्षा सवयीतून येते. दुसरे असे, की मंजूर अनुदानाचे पत्र हाती असताना खरेदीपुरते अल्पमुदतीचे कर्ज देणे आणि अनुदान जमा होताच त्याचा भरणा करून घेणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. अनुदान त्याच कर्जखात्याशी निगडित खात्यात येईल अशी लेखी व्यवस्था पालिकेशी केली, तर जोखीम मर्यादित राहते. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभाग कार्यालयातील समाजविकास विभागाशी तिमाही बैठक ठेवली, तरी अर्धे प्रश्न मार्चपूर्वीच सुटतील.

संस्थांनी आणि व्यावसायिकांनी काय करावे?

अनुदानाची जाहिरात आल्यावर कागदपत्रे जमवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. संस्थेची नोंदणी, संस्थेच्याच नावाचे पॅन व बँक खाते, दोघांच्या सह्यांनी होणारे व्यवहार, लेखापरीक्षित हिशेब आणि सभेच्या ठरावांची वही एवढी सामग्री सदैव सिद्ध असावी. अध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यातून मंडळाचा पैसा फिरवण्याची प्रथा, हेतू कितीही शुद्ध असला तरी, प्रस्तावाच्या मुळावर येते. निधी मिळाल्यावर वेळेत सादर केलेले उपयोगिता प्रमाणपत्र हे पुढील अनुदानाचे प्रवेशपत्र समजावे. बचतगटांनी नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री सांभाळावी. लहान उद्योजकाने ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी; ती विनामूल्य आहे, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही.

नगरसंस्थांकडूनही एक माफक अपेक्षा आहे. कोणत्या योजनेत किती तरतूद आहे, किती अर्ज आले, कोणाला किती रक्कम मिळाली आणि कोणाचा अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर झाला, याची यादी प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत, अन्य राज्यांत त्या त्या भाषेत, लावावी. ओळखीपाळखीवर चालणारा कारभार अशा फलकापुढे फार काळ टिकत नाही. त्याचबरोबर अर्ज भरून देणारा एक साहाय्यक प्रत्येक प्रभागात नेमावा. जे मंडळ सुशिक्षित कार्यकर्त्यांनी संपन्न आहे, त्याचा प्रस्ताव नीटनेटका असतो आणि तो मंजूर होतो. ज्या वस्तीत लिहिणारा हात नाही, तिची गरज मोठी असूनही तिचा प्रस्ताव पोहोचतच नाही. हा अन्याय कोणी जाणूनबुजून करत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

अनुदानाची रक्कम बहुधा लहान असते. पंधरा हजारांच्या भांडवलाने कोणाची हवेली उभी राहत नाही. परंतु त्या रकमेची नोंद, तिचा हिशेब आणि तिची परतफेड यांतून जी पत निर्माण होते, ती मात्र वाढत जाते. त्या पतीवर पुढचे कर्ज मिळते, आणि एक दिवस अनुदानाची गरजच उरत नाही. पालिकेने वेळेवर द्यावे, संस्थेने हिशेबाने वापरावे आणि बँकेने विश्वासाने पुढे न्यावे. या तिघांपैकी पहिले पाऊल कोणी उचलायचे, याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या शाखेने ते या आर्थिक वर्षातच उचलावे, हे अधिक शहाणपणाचे.