पैसे मोजले म्हणून?

आदिलाबादकडच्या आदिवासींच्या जमिनी परत करायचा विषय निघाला की आपल्या बायकांतही एकच उत्तर येतं, "आमच्या आजोबांनी पैसे मोजून घेतली, चोरी थोडीच केली?" मैत्रिणींनो, हे उत्तर आपल्याच शास्त्रापुढे टिकत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यात 'तदाहृतादान' आहे, म्हणजे चोरीचा माल घेणं. आणि त्याला लागूनच 'विरुद्धराज्यातिक्रम', म्हणजे राज्याचा नियम डावलणं. पैसे दिले की दोष फिटला, असं तिथे म्हटलेलं नाही.

जमीन गेली कशी? गोंड, कोलाम पिढ्यान्‌पिढ्या कसत होते, पण कागद नव्हता. बाहेरून सावकार आले, ज्याला कागद वाचता येत होता त्याच्या नावावर जमीन चढली. 1940 साली कोमरम भीम जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. हायमेंडॉर्फसाहेबांकडून पाहणी करवून गोंडांना पट्टे दिले. त्यातल्याही बऱ्याच जमिनी पुढे हातच्या गेल्या. 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीत गोंडांवर गोळीबार झाला, त्यामागे हेच दुखणं होतं.

बरं, कायदा नवा आहे का? 1959 चा आहे, 1970 ला कडक केलेला. अनुसूचित गावातली जमीन बिगर-आदिवासीकडे असेल तर ती आदिवासीकडूनच आली असं धरायचं, तसं नसल्याचं सिद्ध करायचं ते त्यानेच. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केलं.

"मग तारनाक्याचे फ्लॅटपण देऊन टाकायचे का?" उगाच फाटे फोडू नका. तारनाका अनुसूचित क्षेत्रात नाही. तिथे दोन एकर कोरडवाहू कसून जगणाऱ्या गरिबाबद्दलही मी बोलत नाही, त्याची सोय सरकारनं लावावी. मी बोलतेय ते शहरात बसून बटईचं धान्य आणवणाऱ्यांबद्दल.

कपाटाच्या किल्ल्या आपल्याकडे असतात. कित्येकदा जमीनही आपल्याच नावावर असते, सही केल्यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नसतं. तेव्हा पासबुक काढा. गाव कोणतं, जमीन कधी घेतली, कुणाकडून, घरात विचारा. दुसऱ्याची निघाली तर परत करा. फक्त त्याला दान म्हणू नका. दान आपल्या वस्तूचं होतं.