एकट्याची खाच

मोटारसायकलवर मागे बसले, की आमच्या सौ.ची कंबर धरते. दोष मी आजवर पुण्याच्या रस्त्यांना देत आलो. परवा मेकॅनिकने मागच्या शॉकअबसॉर्बरच्या बुडाशी असलेली खाचांची कडी दाखवली.

"सर, ही एकट्याच्या खाचेवर आहे. दोघं बसलात की स्प्रिंग आधीच दबते. मग खड्ड्यासाठी उरतं काय? गाडी मागं बसते, हेडलाइट आभाळ बघतो."

आकड्याच्या पान्याने त्याने दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच दोन खाचा चढवल्या. मागच्या चाकात दोघांच्या बेताची हवा भरली.

संध्याकाळी सौ. म्हणाली, "रस्ता दुरुस्त झालेला दिसतो!"

मी गप्प राहिलो. सात वर्षे दोघांची गाडी मी एकट्यापुरती लावून चालवीत होतो!