थेंबे थेंबे गळती साचे

मेमरी लीक झाली तर आम्हा प्रोग्रॅमर मंडळींची एक सोय असते. सर्व्हर रेंगाळतो, कोणीतरी ओरडतं, मग आपण लॉग उघडतो. फार तर वीकेंडचा बट्ट्याबोळ होतो. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालची टाकी गळायला लागली तर असं काहीच होत नाही. पंप चालूच राहतो, गिऱ्हाईक येतच राहतं आणि पेट्रोल निवांत खाली झिरपत राहतं.. वर्षानुवर्षं.

तुम्ही म्हणाल, साठ्याचा हिशेब रोज होतोच की! टाकीत पट्टी बुडवायची आणि विक्रीशी ताळा जमवायचा. बरोबर, पण हा ताळा किती ढिला असतो ते बघा. अमेरिकेत जमिनीखालच्या टाक्यांचे नियम १९८८ साली आले. त्यातल्या साठ्याच्या हिशेबाच्या पद्धतीने महिन्याच्या उलाढालीचा १ टक्का अधिक १३० गॅलन एवढी गळती पकडली गेली पाहिजे, अशी अट आहे. महिन्याला एक लाख गॅलन विकणाऱ्या पंपाला ती लावा: १००० अधिक १३०, म्हणजे ११३० गॅलन. सव्वाचार हजार लिटरच्या वर! (या पद्धतीच्या जोडीला टाकीची गळती-चाचणीही करावी लागते, हे खरं. पण ती काही दर महिन्याला होत नाही.) टाकीत बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक गेजने तासाला ०.२ गॅलन गळती ओळखायला हवी. तेवढीच गळती महिनाभर चालली तर साडेपाचशे लिटरच्या आसपास जातं.

म्हणून लागते निरीक्षण-विहीर. नाव भारदस्त, पण वस्तू साधी: काही इंच व्यासाचा बोअर, त्यात बारीक चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप आणि वर कुलूपबंद झाकण. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलावर तरंगतं. त्याच नियमांप्रमाणे, भूजलावरून गळती ओळखायची असेल तर पाण्यावरचा १/८ इंच थर दिसला पाहिजे. म्हणजे तीन मिलिमीटर. आता गंमत बघा. पेट्रोलमधलं बेन्झिन थोडंफार पाण्यात विरघळतं, ते कॅन्सरला कारणीभूत ठरतं आणि पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकेतली मर्यादा आहे एक अब्ज भागांत ५. तरंगणारा थर शोधणाऱ्याला विरघळलेलं बेन्झिन कसं दिसणार? त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला हा धडा फार महागात पडला. हवा स्वच्छ राहावी म्हणून तिथे पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं रसायन मिसळत. ते पाण्यात झटकन विरघळतं आणि अगदी कमी प्रमाणातही पाण्याची चव-वास बिघडवतं. गळत्या टाक्या आणि पाइपलाइनींतून ते शहराच्या विहिरींत पोचलं. १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचं जवळपास निम्मं पाणी गेलं. बाहेरून विकत आणायची वेळ आली. शुद्धीकरण प्रकल्प उभारून तिथल्या चारनॉकच्या विहिरी पुन्हा सुरू व्हायला २०१० उजाडलं. गळती थांबवणं एका दिवसाचं काम असेल, पण जमिनीत गेलेलं परत काढणं पंधरा वर्षांचं!

यातून कॅलिफोर्नियाने एक गोष्ट मात्र मस्त केली. जिओट्रॅकर नावाच्या सरकारी संकेतस्थळावर गळतीच्या जागा, निरीक्षण-विहिरी आणि त्यांचे अहवाल कुणालाही बघता येतात. माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे. गळती सापडली तर ज्याच्या खिशाला चाट बसणार, मोजमाप फक्त त्याच्याच ताब्यात असेल तर ते मोजमाप कसलं? आमच्याकडेही स्वतःचा कोड स्वतःच टेस्ट करून ‘ऑल ओके’ म्हणणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

आता आपल्याकडे या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालयं आणि घरांपासून ५० मीटरचा निकष घातला. चांगलंच आहे. पण हे अंतर जमिनीवरचं. पुण्याखाली काळा बेसॉल्ट आहे. वाळूत पाणी संथपणे सगळीकडून झिरपतं, बेसॉल्टमध्ये ते भेगांमधून वाट काढतं. पंपाला चिकटून असलेली बोअर स्वच्छ निघेल आणि दोन गल्ल्या पलीकडची बिघडेल, असंही होऊ शकतं. अमेरिकेची ती भूजल पद्धतही उथळ पाणी आणि सहज झिरपणारी जमीन असेल तरच चालते. ती इथे जशीच्या तशी कॉपी-पेस्ट करून भागणार नाही.

खर्चाचं काय, असं कोणी विचारेलच. रास्त प्रश्न आहे. गल्लीगल्लीत विहिरी खणा असं मी म्हणतच नाहीये. बोअरवेल आपण आधीच खणून ठेवल्यात की! पंपाजवळच्या सोसायट्यांच्या बोअरचं पाणी वर्षातून एकदा तपासावं, तेल कंपन्यांनी त्याचे पैसे द्यावेत, नमुना तिसऱ्याच कोणीतरी घ्यावा आणि निकाल नेटवर टाकावेत. बास.

तोवर एक करा. सोसायटीचा पाण्याचा रिपोर्ट मागून बघा. त्यात टीडीएस असेल, हार्डनेस असेल, जंतूही मोजलेले असतील. बेन्झिन आहे का ते शोधा. नसेल, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच की ते कोणी तपासलेलंच नाही. पुढच्या एजीएमला पार्किंगची भांडणं आटोपली की हा विषय काढा.