माळ्यावरचा कॅमेरा : हौस, हिशेब आणि विवेक

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की नाशिकच्या जुन्या वाड्यांतील माळे उघडतात. पितळी हंडे, पिवळ्या पडलेल्या चोपड्या आणि पत्र्याच्या पेट्या यांच्या गर्दीत कधी तरी चामडी पट्ट्याचा एक काळा डबा हाती लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजोबांनी तो हौसेने घेतलेला असतो. गजपंथाची यात्रा, दुकानाचा मुहूर्त, लेकीची पाठवणी हे सारे त्यानेच टिपलेले असते. पूर्वी अशी वस्तू मुकाट्याने भंगारात जात असे. आता नातू ती हातात घेतो आणि विचारतो, ‘‘यात फिल्म घालून फोटो काढता येतील का?’’

बहुधा येतील. परंतु त्याआधी एक पथ्य पाळावे : मागचे झाकण लगेच उघडू नये. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांत अर्धवट वापरलेला रोल तसाच राहिलेला असतो. झाकण उघडताच शिरणारा उजेड क्षणात तो नष्ट करतो. पेटीसारख्या कॅमेऱ्याच्या पाठीवर लहानशी लाल खिडकी असते. तिच्यात आकडा दिसला तर रोल आत आहे असे समजावे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल परत गुंडाळण्याची किल्ली बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ती अडली तर बहुधा आत फिल्म आहे. कृष्णधवल फिल्मवर उमटलेले पण न धुतलेले चित्र काही दशकांनंतरही पुष्कळदा वाचवता येते. ते काम मात्र अंधाऱ्या खोलीत, जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे मोफत निघत असताना तरुणांना या जुन्या यंत्राची ओढ का वाटावी? कारण बहुधा मर्यादेत आहे. रोलमध्ये छत्तीसच चित्रे असतात. म्हणून प्रत्येक कळ दाबण्यापूर्वी हात थांबतो, डोळा पाहू लागतो. ही ओढ इतकी वाढली की पेंटॅक्स कंपनीने २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा फिल्मवर चालणारा अगदी नवा कॅमेरा बाजारात आणला. त्यात छत्तीसच्या रोलवर अर्ध्या आकाराची बहात्तर चित्रे निघतात.

नाशिककरांना तर या विद्येचा वारसाच आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि पहिला प्रयोग केला तो कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपावर. रोप जसजसे वाढेल तसतशी एकेक चौकट टिपून त्यांनी एक लघुपट सिद्ध केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. फिल्मला भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई घरात, अंधारात करीत. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्यानंतर फाळके यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९४४ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही याच गावी. कच्ची फिल्म परदेशातून येत असे आणि हाती पैसा थोडा होता. त्या अवस्थेतून उभ्या राहिलेल्या या कामाचे पहिले पाऊल एका रोपाकडे महिनाभर धीराने पाहण्याचे होते.

आता हिशेबाकडे वळावे. व्यापारी घराला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील भेद सांगावा लागत नाही. या छंदात कॅमेरा हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो. खरा भार फिल्म आणि ती धुण्याचा. उदाहरणादाखल, छत्तीस चित्रांचा रंगीत रोल १,००० रुपयांना मिळाला आणि धुणे व स्कॅनिंग यांस ५०० रुपये पडले असे धरले, तर एका चित्रामागे सुमारे ४२ रुपये होतात. तेवढाच खर्च बारा चित्रांच्या रोलवर झाला तर एक चित्र १२५ रुपयांना पडते. महिन्याला दोन रोल वापरणाऱ्याचा वर्षाचा खर्च ३६,००० रुपये होईल. म्हणून स्वस्त कॅमेरा शोधताना प्रथम वर्षाचा अंदाजपत्रकी आकडा ठरवावा आणि मग दुकानाची पायरी चढावी.

घरातलाच कॅमेरा चालत असेल तर त्याहून स्वस्त काही नाही. अनेक घरांत सापडणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा बडोद्याला तयार होत असे. तो १२० क्रमांकाच्या फिल्मवर बारा चौकोनी चित्रे काढतो. त्यात फिरवण्याजोगे फारसे काही नसल्याने बिघडण्याजोगेही फारसे नाही. लख्ख ऊन मात्र हवे. १२० ची फिल्म १९०१ पासून आजतागायत मिळते. याउलट काही जुन्या पेटी-कॅमेऱ्यांना लागणारी ६२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९९५ मध्ये बंद केली. असा कॅमेरा कितीही देखणा दिसला तरी नवशिक्याने तो घेऊ नये.

नव्याने घ्यायचाच असेल तर ३५ मिलिमीटरचा, पूर्ण यांत्रिक कॅमेरा बरा. १९७६ ते १९९७ अशी दोन दशके तयार झालेला ‘पेंटॅक्स के१०००’ विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून ओळखला गेला. त्याचे शटर बॅटरीवाचूनही चालते. बॅटरी लागते ती केवळ प्रकाश मोजण्यास. १९६६ मध्ये आलेल्या ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ची भिंग उत्तम, परंतु त्याचे शटर विजेवर अवलंबून आहे आणि त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. जोड-तुकडा वापरून काम भागते. मात्र विद्युत्-मंडल निकामी झाल्यास दुरुस्त करणारा हात सहसा सापडत नाही.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. शटर एका सेकंदावर ठेवून कळ दाबावी. ते अडखळत असेल तर आतले वंगण सुकले आहे. भिंग उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते पाहावे. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या भिंगांना हा रोग जडतो. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला चिकटत असेल तर उजेड आत झिरपणार. पण ही दुरुस्ती स्वस्त असते. शेवटी, एक रोल काढून पाहण्यापुरती परतीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर जुने यंत्र घेणे म्हणजे तारणावाचून कर्ज देणे होय.

येथवरचा हिशेब पैशाचा झाला. परंतु श्रावकाच्या घरात आणखी एक खाते उघडावे लागते आणि त्याची चर्चा कॅमेऱ्याच्या दुकानात कधीच होत नाही. फिल्मच्या पृष्ठावर चांदीच्या क्षारांचे कण ज्या थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन गुरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढले जाते. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ मध्ये ही रीत सुचवली. त्यानंतर छायाचित्रणाचा सारा उद्योग तिच्यावर उभा राहिला. आजही बाजारात मिळणारी कृष्णधवल वा रंगीत फिल्म जिलेटिनवाचून बनत नाही. छपाईच्या पारंपरिक कागदाचीही तीच गत आहे.

औषधाच्या कॅप्सूलवर जिलेटिन आहे का, हे विचारणाऱ्या घरात हा प्रश्न टाळून चालणार नाही. आजोबांना ही गोष्ट बहुधा ठाऊकच नव्हती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. रुग्णालयातील एक्स-रेची फिल्मही जिलेटिनचीच, पण तेथे गरज होती. गरज आणि हौस यांतील हा भेद अनर्थदंड-विरमण व्रताच्या संदर्भात घरोघरी सांगितला जातो. नातवाला केवळ ‘नको’ म्हणण्यापेक्षा ही वस्तुस्थिती त्याच्यासमोर ठेवावी आणि निर्णय त्याला विचाराने घेऊ द्यावा.

शिवाय, वाट अगदीच बंद नाही. जुन्या कॅमेऱ्याची भिंग काढून ती साध्या जोडकड्याने आजच्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसवता येते. फोकस हाताने जुळवावा लागतो, म्हणजे थांबण्याची आणि पाहण्याची शिस्त तीच राहते. फिल्म तेवढी वगळली जाते. दुसरा मार्ग जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या निळ्या छपाईचा. लोहाचे दोन क्षार पाण्यात मिसळून सुती कापडावर लावायचे, ते अंधारात वाळवायचे, वर एखादे गळून पडलेले पान ठेवून गच्चीतल्या उन्हात धरायचे आणि नंतर पाण्याने धुवायचे. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर पानाची पांढरी आकृती उमटते. यात ना जिलेटिन, ना चांदी. सुटीच्या दिवशी मुलांना गुंतवण्यास याहून चांगला उद्योग नाही.

जे फिल्म वापरतील आणि ती घरी धुतील, त्यांनी एक खबरदारी घ्यावी. वापरलेल्या फिक्सरच्या द्रावणात फिल्मवरची चांदी उतरते. एका रोलमागे ती ग्रॅमच्या अंशाइतकीच असते. पण ते द्रावण मोरीत ओतले तर ते शेवटी गोदावरीकडेच जाणार. ते वेगळ्या बरणीत साठवून चांदी परत काढणाऱ्याकडे द्यावे. फिल्म आणि सराफ बाजार यांचे नाते जुनेच आहे. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा फिल्मचे भावही चढले होते.

राहता राहिला तो कॅमेऱ्यात अडकून पडलेला जुना रोल. त्यासाठी नवी खरेदी नाही आणि नवी हिंसाही नाही. जे व्हायचे ते अर्ध्या शतकापूर्वीच होऊन गेले आहे. त्यावर कदाचित धुक्याशिवाय काहीच निघणार नाही. कदाचित दुकानाच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या, आता हयात नसलेल्या कुणाचा चेहरा निघेल. तो रोल मात्र अवश्य धुवून घ्यावा. त्या माणसाला नावानिशी ओळखणारी आजी घरात आहे, तोवरच.