रुमाल टाकून धरलेली जागा

मैत्रिणींनो, लग्नसराईत एसटी स्टँडवर काय गर्दी असते, ते तुम्हाला सांगायला नको. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून कुणी रुमाल टाकतं, कुणी टोपी, कुणी पिशवी. रुमाल पडला की जागा धरली! त्या रुमालाला कुठं जायचं नसतं, त्याचं तिकीटही काढलेलं नसतं. मालक येऊन बसेपर्यंत त्यानं तिथं पडून राहायचं, एवढंच त्याचं काम.

वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटला की आपल्याकडच्या कितीतरी घरांत बाईचा असाच रुमाल होतो, असं मला वाटतं. तुम्हीही पाहिलं असेल. आरक्षणाची सोडत असते, लहान मुलाच्या हातानं चिठ्ठी काढतात. दोन-दोन वर्षं गल्लीत तयारी केलेली असते. गणपतीला वर्गणी दिलेली, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक तेराव्याला हजेरी लावलेली. आणि चिठ्ठीतून निघतं ‘महिला’! दुपारपर्यंत चेहरा पडलेला असतो, संध्याकाळी तोडगा निघतो, “घरचीला उभी करू.” मग कागदांची धावपळ सुरू होते. वॉर्ड मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी असेल तर जातीचा दाखला तिच्या वडिलांकडून लागतो, म्हणजे एवढ्यापुरती माहेरची आठवण येते. भावाला फोन जातो, शाळेची जुनी टीसी शोधली जाते. या सगळ्यात एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहूनच जातो. तो म्हणजे, “बाई गं, तुला उभं राहायचंय का?”

पुढं चौकात डिजिटल बॅनर लागतं. तिचा फोटो डोक्यावर पदर घेतलेला, कुठल्या तरी लग्नातला. शेजारी त्यांचा मोठा फोटो, पांढरा शर्ट आणि हात जोडलेले. आपल्या मराठवाड्यात नावाच्या मधे ‘भ्र.’ लिहायची पद्धत आहे, भ्र. म्हणजे भ्रतार. बॅनरवर बघा, भ्र.च्या अलीकडचं नाव बारीक आणि पलीकडचं ठळक! मतदान यंत्रावर नाव तिचं, पण गल्लीत विचारलं तर लोक म्हणतात, “यावेळी अमुकराव उभे आहेत.”

आमच्या अर्धापूरचंच घ्या. केळीच्या बागांचं हे गाव. इथं ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. नगरपंचायतीत सतरा वॉर्ड, एका वॉर्डातून एक सदस्य. सतरापैकी निम्म्या, म्हणजे नऊ जागा बायकांच्या. मागची निवडणूक दोन टप्प्यांत झाली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात अडकला होता म्हणून काही वॉर्डांचं मतदान २१ डिसेंबर २०२१ ला झालं आणि उरलेल्यांचं १८ जानेवारी २०२२ ला. निकाल दुसऱ्या दिवशी, १९ जानेवारीला लागला. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरबरोबर नायगाव आणि माहूरचीही निवडणूक त्याच वेळी होती. विचार करा, एका छोट्या गावाच्या सभागृहात नऊ बायका! आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

हे काही आपोआप झालेलं नाही. १९९२ मध्ये संसदेनं ७४ वी घटनादुरुस्ती केली, ती १९९३ मध्ये लागू झाली आणि शहरांच्या कारभारात बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. नगराध्यक्षपदही सोडतीनं बायकांना मिळतं. मधल्या काळात नगराध्यक्ष कधी जनतेतून, तर कधी नगरसेवकांमधून निवडायचा, असे नियम बरेचदा फिरले. २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांत राज्यभर नगराध्यक्ष मतदारांनीच निवडले. म्हणजे मिळायचं ते कायद्यानं दिलं. आता ते वापरायचं की रुमालासारखं पडून राहायचं, हा प्रश्न उरतो.

हा रोग फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही. फिलिपिन्स नावाचा बेटांचा देश आहे. तिथं शहराचा महापौर लोक थेट निवडतात, मुदत तीन वर्षांची, आणि सलग तीनदाच होता येतं. त्यांच्या १९८७ च्या राज्यघटनेतच तसं लिहिलंय. हेतू चांगला, एकाच माणसानं खुर्चीला चिकटू नये. पण माणसानं वाट काढलीच! तीन वेळा झालं की बायकोला उभं करायचं, मुलाला उभं करायचं. अशा उमेदवाराला तिकडं ‘बेंचवॉर्मर’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्यासाठी बाक गरम ठेवणारी व्यक्ती. आपला रुमालच की!

मनिलाजवळ मरिकिना नावाचं शहर आहे, चपला-बुटांसाठी प्रसिद्ध. तिथं बायानी फर्नांडो १९९२ पासून २००१ पर्यंत तीनदा महापौर होते. मर्यादा संपली आणि २००१ मध्ये त्यांच्या पत्नी मारिडेस फर्नांडो उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. पुढं त्याही सलग तीन वेळा, २०१० पर्यंत महापौर राहिल्या. नवरा नऊ वर्षं आणि बायको नऊ वर्षं. आता या बाईंना काय म्हणायचं? पहिल्यांदा त्या घरच्या नावावर आल्या असतील, पण नऊ वर्षं म्हणजे काही बाक गरम ठेवणं नव्हे.

घराण्याची गोष्ट आपल्यालाही नवी नाही. अर्धापूर ज्या भोकर विधानसभा मतदारसंघात येतं, तिथून २००९ मध्ये अशोक चव्हाण निवडून आले, २०१४ मध्ये अमिता चव्हाण, २०१९ मध्ये पुन्हा अशोक चव्हाण आणि २०२४ मध्ये श्रीजया चव्हाण. घरातून वारसा मिळणं हा मी गुन्हा मानत नाही. डॉक्टरची मुलगी डॉक्टर होते, दुकानदाराचा मुलगा दुकानात बसतो. बाई कुठल्या दारातून आत आली याची फार चर्चा करण्यात अर्थ नाही. आत आल्यावर ती बसली का, बोलली का, सही वाचून केली का, हे विचारायला हवं.

“तिला काय कळतंय?” हे वाक्य तर आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मला सांगा, पहिल्यांदा निवडून आलेल्या पुरुषाला तरी काय कळत असतं? टेंडर म्हणजे काय, ठराव कसा मांडायचा, मुख्याधिकाऱ्याकडं कुठला अधिकार आणि सभेकडं कुठला, हे तोही खुर्चीत बसूनच शिकतो. त्याच्या शिकण्याला आपण ‘अनुभव’ म्हणतो आणि तिच्या न शिकलेपणाला ‘बाईमाणूस’! नळाला पाणी किती दिवसांआड येतं, नालीचा वास कुठल्या वेळेला घरात शिरतो, घंटागाडी आठवड्यातून कितीदा चुकते, कुठल्या बोळात दिवा नसल्यानं पोरी शिकवणीहून अंधार पडायच्या आत घरी येतात, हे कुणाला जास्त ठाऊक आहे? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दिवसांत घागरी घेऊन रांगेत कोण उभं होतं, ते फोटो आठवा. नगरपालिकेचा निम्मा कारभार पाणी, नाली, कचरा आणि दिवे यांचा असतो, आणि ही सगळी कामं आपल्या उंबऱ्यापाशी सुरू होतात.

दोष सगळा नवऱ्यांवर टाकूनही चालणार नाही. मी एकदा गल्लीतल्या कामासाठी एका नगरसेविकेच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज, “हां बोला, मीच बघतो सगळं.” प्रत्यक्ष भेटल्यावर बाई म्हणाल्या, “ह्यांनाच विचारा माय, मला मधात नका घालू.” राग यावा असंच ते होतं. पण मग आजूबाजूला पाहिलं तर आम्ही बायकाही ‘भाऊ आहेत का घरी?’ असंच विचारत त्यांच्या दारात जात होतो. निवडून दिली बाईला आणि अर्ज दिला भाऊंना! पाच वर्षं तिला कुणी काही विचारलंच नाही, तर ती उत्तर द्यायला शिकणार कधी?

सरकारलाही ही गोष्ट माहीत आहे. गावाकडं ‘सरपंच पती’ हा शब्दच रूढ झालाय. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं २०२३ मध्ये त्यावर समिती नेमली आणि बायकोच्या जागी कारभार हाकणाऱ्यांना जरब बसेल असा दंड करावा, अशी शिफारस २०२५ मध्ये समितीच्या अहवालात आली. दंड व्हावा की नाही यावर वाद होऊ शकतो. पण दंडाची वाट न बघता आपल्या हातात जे आहे, ते तर करून बघू.

प्रचाराला घोळका दारात आला की पाणी जरूर द्या, पण बोलायचं ते उमेदवार बाईशी. “ताई, तुम्ही सांगा, आपल्या वॉर्डातलं पहिलं काम कुठलं करणार?” शेजारचे भाऊ उत्तर द्यायला लागले तर हसून म्हणायचं, “तुम्ही थांबा हो जरा, वहिनींना बोलू द्या.” मुस्लिम मोहल्ल्यात भाभी असेल, आपल्या गल्लीत अक्का असेल, पण बोलू द्यायचं तिलाच. पहिल्या दारात ती अडखळेल. दहाव्या दारापर्यंत तिला उत्तर सापडलेलं असेल, बघा! आणि तिचा स्वतःचा, तिच्या हातात राहणारा फोन नंबर मागून घ्या.

निवडून आल्यावर अर्ज तिच्या नावानं लिहा, तिच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तिची सही घ्या. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर बचत गटाच्या चार-पाच जणी मिळून जा. महिन्याच्या बैठकीला एकदा तिलाच बोलवा, हप्त्याचा हिशोब झाल्यावर वॉर्डाचा हिशोब विचारा. नगरपालिका-नगरपंचायतींनी महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी ठेवायचा असतो. तो यंदा कशावर खर्च झाला, हा एक प्रश्न तर प्रत्येक बैठकीत विचारता येईल.

सभेत ती गेली का, बोलली का, हेही कळू शकतं. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्यासाठीच आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. सभेचं इतिवृत्त आणि हजेरीची नक्कल मागायची. त्यात तिचं नाव कुठं आहे, कुठल्या ठरावावर ती काय म्हणाली, हे वाचायचं. हे तिला अडचणीत आणायला नाही. आपल्या मागं वॉर्डातल्या बायका उभ्या आहेत हे तिला कळलं, तर घरात “मी आज सभेला जाते” म्हणायला तिलाही बळ येतं. “बायका विचारायल्यात, जावंच लागतंय,” हे कारण सासूलाही पटतं!

यात घाई करायला हवी, त्याचं कारण आहे. आरक्षण फिरतं असतं. आज तुमचा वॉर्ड महिलेसाठी आहे, पुढच्या सोडतीत तो नसेलही. तिच्या हातात धरून चालायला पाचच वर्षं असतात. पहिलं वर्ष हार-तुऱ्यांत जातं, शेवटचं पुढच्या तिकिटाच्या चिंतेत. उरलेल्या तीन वर्षांत तिनं काही केलं नाही तर मालक येतो, रुमाल उचलतो आणि बसतो. आणि आपणही म्हणतो, “आता वॉर्ड पुरुषांचा झाला.”

इथंच आपली मोठी गफलत होते. ‘खुला’ म्हणजे पुरुषांचा नव्हे! खुल्या वॉर्डातून बाईलाही उभं राहता येतं, कायद्यात कुठंच आडकाठी नाही. ज्या बाईनं पाच वर्षं मन लावून काम केलं, तिला वॉर्ड खुला झाल्यावर घरी का पाठवायचं? पक्षवाले तिकीट देताना विचार करतील, घरचेही म्हणतील, “झालं ना आता तुझं?” त्या वेळी वॉर्डातल्या बायकांनी तिच्या दारात जाऊन, नव्हे, तिच्या घरच्यांसमोर सांगायला हवं, “यावेळी पण ताईच पाहिजेत.”

२०२३ मध्ये संसदेनं लोकसभा आणि विधानसभेतही बायकांना एक तृतीयांश जागा देण्याची घटनादुरुस्ती मंजूर केली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर त्या जागा मिळायच्या आहेत. तिथं बसायला बायका कुठून येणार? आपल्या अर्धापूर, नायगाव, माहूरसारख्या गावांच्या सभागृहांतूनच ना! इथं ज्यांना बोलायची सवय लागेल, त्याच उद्या मुंबईत आणि दिल्लीत बोलतील.

म्हणून एवढंच करा. तुमच्या वॉर्डात बाई निवडून आलेली असेल तर या आठवड्यात तिच्या घरी जा. भाऊ दारात भेटले तर नमस्कार करा आणि विचारा, “ताई आहेत का? त्यांच्याकडंच काम होतं.”